ओळखीचा शब्द ऐनवेळी का आठवत नाही?

मिटिगेट, मेटिक्युलस, अ‍ॅम्बिग्युअस. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हे इंग्रजी शब्द दिसले की अर्थ चटकन सांगता येतो. निबंध लिहायला बसलं की मात्र 'रिड्यूस' आणि 'केअरफुल' हेच हाताशी येतात. समोर असलेला शब्द ओळखणं आणि समोर नसलेला आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. यादी पुन्हा पुन्हा वाचली तर सराव फक्त पहिल्या कामाचा होतो.

मानसशास्त्रज्ञ जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. शब्द एकदा आठवला की काही गटांत त्याची चाचणी थांबवली, काहींत चालू ठेवली. आठवड्यानंतर चाचणी चालू असलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, थांबवलेल्यांना जेमतेम एक तृतीयांश. नुसतं जास्त वाचण्याचा फायदा जवळजवळ शून्य. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल, हा सगळ्या गटांचा अंदाज साधारण सारखाच, निम्म्याच्या आसपास होता. अभ्यास झाल्यासारखं वाटणं हे फार फसवं माप आहे.

म्हणून पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशी कार्डं करा, पण पुढच्या बाजूला नुसता मराठी अर्थ नको. 'कमी करणे' एवढंच लिहिलं तर रिड्यूस, डिमिनिश, मिटिगेट, अ‍ॅलिव्हिएट ही चारही उत्तरं बरोबर ठरतात आणि कार्ड निकामी होतं. त्याऐवजी गाळलेली जागा आणि पहिलं अक्षर द्या: 'द न्यू ड्रेन विल एम… द रिस्क ऑफ फ्लडिंग.' मागे शब्द आणि त्याचे नेहमीचे सोबती: रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज. अ‍ॅलिव्हिएटचे सोबती वेगळे: पेन, सफरिंग, पॉव्हर्टी. अर्थ जवळचा असला तरी गोतावळा निराळा असतो. वाक्य चुकतं ते बहुधा इथेच.

स्वतःचं वाक्य रचताना एक कसोटी लावा. शब्द झाकला तर दुसऱ्याला तो ओळखता यायला हवा. 'शी इज अ मेटिक्युलस गर्ल' हे वाक्य व्याकरणात बिनचूक आहे आणि शिकायला निरुपयोगी, कारण तिथे टॉल, काइंड, लेझी काहीही बसतं. 'ही चेक्ड एव्हरी बिल ट्वाइस. हिज अकाउंट्स वेअर मेटिक्युलस' यात शब्दाचा अर्थ वाक्यातच उलगडतो.

मराठीतून इंग्रजीत येताना शब्दयोगी अव्ययंही सोबत येतात. 'प्रश्नाबद्दल चर्चा' डोक्यात असते, म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहिलं जातं. 'वडिलांसारखा दिसतो' वरून 'रिझेम्बल्स लाइक'. या दोन्ही क्रियापदांना थेट कर्म लागतं, मधे काही नको. उलट 'रिफ्रेन'ला 'फ्रॉम' लागतोच. क्रियापदाच्या कार्डावर हे लिहिलं नाही तर कार्ड अर्धंच राहतं.

उजळणीसाठी जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली पेट्यांची पद्धत आजही चालते. पाच कप्पे घ्या आणि अनुक्रमे १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी तपासा. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात. उत्तर आधी मोठ्याने बोला, मगच कार्ड उलटा. दिवसाला १० नवे शब्द घेतले तर महिन्या-दोन महिन्यांत रोजची उजळणी किमान ५० कार्डांवर जाते. बहुतेकांची पेटी तिथेच धूळ खाऊ लागते. दिवसाला पाच नवे शब्द पुरे.

एकाच दिवशी दिसायला सारखे शब्द घेऊ नका. एमिनंट म्हणजे नामवंत, इमिनंट म्हणजे येऊ घातलेला. जोडीने शिकले की कायम अदलाबदल होते. एक पक्का झाल्यावर दोन आठवड्यांनी दुसरा घ्या. समानार्थी शब्दांचे गठ्ठेही असेच घोळ घालतात, जरी अनेक पुस्तकं नेमके तेच छापत असली तरी.

अशाच कार्डांच्या उजळणीसाठी असलेल्या अँकी या सॉफ्टवेअरमध्ये एखादं कार्ड, सेटिंग न बदलल्यास, ८ वेळा चुकलं की त्यावर खूण पडते. तिथे अशा कार्डाला जळू म्हणतात, कारण ते वेळ शोषतं. बहुधा वाक्यच ढिसाळ असतं. ते खोडून नवं लिहा, आणि तरीही शब्द बसत नसेल तर सरळ काढून टाका.