फोमच्या थराची जाडी आणि क्युअरिंग

फोम बनताना रेझिन, म्हणजे फोमचे द्रव मिश्रण, एकाच वेळी फुगत आणि घट्ट होत असते; या घट्ट होण्याला क्युअरिंग म्हणतात. त्या वेळी थर किती जाड आहे, यावर तयार फोमची घनता, पेशींचा (आतल्या बारीक पोकळ्यांचा) आकार आणि कधीकधी रंगसुद्धा ठरतो. याचे मूळ उष्णतेत आहे.

गाद्यांचा मऊ पॉलियुरेथेन फोम घ्या. (हे रसायन रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधले.) त्याचे दोन मुख्य घटक म्हणजे आयसोसायनेट आणि पॉलिऑल. आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याने पेशी फुगतात. पॉलिऑलशी होणाऱ्या क्रियेतून रेणूंच्या लांब साखळ्या जुळतात. दोन्ही क्रिया उष्णता सोडतात. ब्लॉक दोनेक मिनिटांत फुगून उभा राहतो, पण पोटातली क्रिया पुढेही चालू असते. त्यात फोम स्वतःच उष्णतारोधक, त्यामुळे ऊब आतच कोंडते. जाडी दुप्पट झाली की निवायला साधारण चौपट वेळ लागतो. मोठ्या ब्लॉकचा गाभा १५० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो.

अशा ब्लॉकमध्ये गडबड झाली तरी बाहेरून काही कळत नाही. वरून पांढराशुभ्र दिसणारा ब्लॉक मधोमध कापला की पिवळट-तपकिरी डाग दिसतो. याला कारखान्यात ‘स्कॉर्च’ म्हणतात. मिश्रणात पाणी जास्त झाले तर ब्लॉक आतून पेटूही शकतो. म्हणून ताजे ब्लॉक एकमेकांना न चिकटवता, मोकळे ठेवून निववतात.

पातळ थराची तऱ्हा उलटी. साच्याची थंड भिंत उष्णता ओढून घेते, तिथे वायू कमी फुगतो आणि दाट साल धरते. थर फारच पातळ असेल तर बहुतेक फोम सालीतच जातो आणि घनता वाढते. स्टिअरिंग व्हीलच्या फोमवर अशी साल मुद्दाम आणतात.

जाड थरात पेशी वर चढण्याच्या दिशेने लांबट होतात. त्यामुळे कडक फोम त्या दिशेने दाबला तर आडव्या दिशेपेक्षा जास्त भार सोसतो. नमुना कुठल्या बाजूने कापला हे न सांगता दिलेला मजबुतीचा आकडा म्हणूनच अर्धवट समजावा.

ऊब आत कोंडू नये म्हणून छतावर कडक फोम फवारतानाही एका वेळी साधारण ५० मिलिमीटरच थर देतात आणि तो निवल्यावर पुढचा चढवतात.

प्रयोगशाळेत छोट्या कपामध्ये बनवलेला फोम सहसा करपत नाही, कारण तो लवकर निवतो. म्हणून तिथे छोटा नमुना मायक्रोवेव्हमध्ये तापवून मोठ्या ब्लॉकच्या गाभ्याची नक्कल करतात.