शब्द ठाऊक आहे, पण जिभेला वाट सापडत नाही

अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरलेल्या आजोबांना नात विचारते, 'आजोबा, काय देऊ?' त्यांना पाणी हवंय. ओठ जुळतात, जीभ चाचपडते. 'ता... का... पामी...' ते मान हलवतात. चुकलं हे त्यांना कळलेलं असतं. पुन्हा प्रयत्न करतात, तर चूक वेगळीच. आणि तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की हेच आजोबा 'शुभं करोति' जवळजवळ न अडखळता म्हणतात. मग घरात कुणीतरी बोलून जातं, 'मनात असलं की बरोबर बोलतात.'

हे बोलणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. या विकाराला 'अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच' म्हणतात.

'पाणी' म्हणून पाहा. आधी ओठ मिटून हवा अडते. ते उघडताच स्वरतंतू कंप पावू लागतात. मग जिभेचं टोक वर वळून टाळूला टेकतं, त्याच सुमारास पडजीभ खाली येते आणि हवा नाकातून जाते. हे सगळं निमिषात, ठरल्या क्रमानं. हा क्रम आखणारी यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. तिलाच इजा झाली की शब्द आठवतो, स्नायूंतही पुरेशी ताकद असते, पण कोणी कधी हलायचं याची आखणी बिघडते. पाठ झालेले श्लोक, अंक, 'या, बसा' यांची वाट बरीचशी वेगळी असल्यानं ते अनेकदा शाबूत राहतात.

स्नायूच लुळे किंवा ताठर झाले, तर तो डिसार्थ्रिया. त्यात बोलणं जड, अस्पष्ट होतं आणि चुका बहुधा त्याच त्याच होतात. शब्दच सापडेनासा झाला, तर अफेजिया. एकाच रुग्णात हे तिन्ही असू शकतात, म्हणून निदान वाचा-उपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावं.

अ‍ॅप्रॅक्सियात मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागाला इजा झालेली असते, यावर वाद आहे. १९९६ मध्ये संशोधक निना ड्रॉन्कर्स यांनी डाव्या इन्सुलाच्या (मेंदूच्या घडीत आत दडलेल्या भागाच्या) एका तुकड्याकडे बोट दाखवलं; २००४ मध्ये मेंदूतज्ज्ञ अर्गाय हिलिस यांच्या गटाला ब्रोका क्षेत्र, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातलं बोलण्याशी निगडित क्षेत्र, अधिक जबाबदार वाटलं.

उपचार म्हणजे सराव, रोजचा आणि चिकाटीचा. तज्ज्ञ समोर बसून 'पा' सावकाश म्हणतात, रुग्ण त्यांच्या ओठांकडे पाहत तोच आवाज पुन्हा पुन्हा काढतो. काहींना मांडीवर ताल धरल्यानं मदत होते. घरच्यांनी वाक्य मध्येच पुरं करू नये, ओरडून बोलू नये. ऐकू व्यवस्थित येतं त्यांना. लिहिता येत असेल तर पाटी-पेन्सिल हाताशी ठेवावी. आणि पाहुण्यांसमोर 'यांचं नाव सांगा बघू' अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नये.