नव्या जिवाणूला नाव मिळण्याआधी

जंगलातल्या मातीत नवा जिवाणू सापडणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. त्याचे नाव मान्य करून घेणे अवघड. (बातम्यांत 'नवी प्रजाती' म्हणतात. जुन्या मराठी परिभाषेत प्रजाती ही जातीच्या वरची पायरी, म्हणून इथे जातीच म्हणू.)

पूर्वी रंग, आकार आणि कोणती साखर आंबवतो एवढ्यावर भागे. १ जानेवारी १९८० रोजी जुन्या नावांची झाडाझडती होऊन मान्य यादी निघाली. १९८७ मध्ये डीएनए-संकरणाची (दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळतात ते पाहण्याची चाचणी) ७० टक्के ही सीमा ठरली, १९९४ मध्ये सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६एस या जनुकाचे ९७ टक्के साम्य पुढे आले. तो आकडा नंतर ९८.७ च्या आसपास सरकला. आता संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, ताडून साम्य ९५-९६ टक्क्यांखाली असेल तर जात वेगळी धरतात.

वनमाती बहुधा आम्लधर्मी, तिथले अनेक जिवाणू संथ. प्रयोगशाळेतल्या सकस माध्यमावर (जिवाणूंना वाढवण्याच्या अन्नावर) घाईने वाढणारे चारदोन बशी व्यापतात, बाकीचे दिसतच नाहीत. कमी पोषणाचे माध्यम आणि आठवडेच्या आठवडे धीर, यांतून ॲसिडोबॅक्टेरिया या गटातले मातीतले जिवाणू हाती लागू लागले. त्यांपैकी एडाफोबॅक्टर ॲग्रेगान्सचे वर्णन २००८ मध्ये वनमातीतूनच झाले.

खरा पेच पुढे आहे. जिवाणूंच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा २००१ पासून नियम असा, की नमुना-वाण (ज्या वाणावर जातीचे नाव बेतले जाते ते) जिवंत स्वरूपात किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवायचे आणि ते कुणालाही विनाअट मिळाले पाहिजे. भारताचा २००२ चा जैवविविधता कायदा म्हणतो, जैविक साधन परदेशी हाती देण्याआधी परवानगी घ्या. दोन्ही अटी आपापल्या जागी रास्त, पण एकाच नळीला लागू झाल्या की अडतात. सह्याद्रीतल्या मातीतून वाण वेगळे करणाऱ्याला जीनोम वाचण्याइतकीच कागदपत्रांचीही चिंता. जैवचोरीची, म्हणजे इथले जैविक साधन परक्यांनी परस्पर नेण्याची, भीती खोटी नव्हती. तिचा भार मात्र नाव शोधणाऱ्यावरच पडला, असे माझे मत.

जे वाढतच नाहीत त्यांच्यासाठी डीएनए-क्रमच नमुना मानावा, हा प्रस्ताव २०२० मध्ये फेटाळला गेला. प्रस्तावाच्या बाजूचे थांबले नाहीत. २०२२ मध्ये जीनोमवर नाव देणारी वेगळी संहिता आली. जुनी संहिता अजून जिवंत वाणच मागते.