बॉस्टनचं बालसंग्रहालय: काचेच्या कपाटातून मुलांच्या हातात

फक्त मुलांसाठी म्हणून काढलेलं पहिलं संग्रहालय ब्रुकलिनचं, १८९९ सालचं. बॉस्टनमध्ये असं संग्रहालय निघालं ते विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या खटपटीतून. शंख, खनिजं, पेंढा भरलेले पक्षी अशा वर्गात दाखवायच्या वस्तू ते आपापसांत देत-घेत असत. हा सगळा संग्रह मुलांना एका जागी पाहता यावा म्हणून १९१३ मध्ये शहरातल्याच जमैका नावाच्या तळ्याकाठच्या पाइन बँक या बंगल्यात त्यांनी संग्रहालय सुरू केलं. १९३६ मध्ये ते जवळच्याच दुसऱ्या घरात हललं.

खरा बदल घडला तो मायकेल स्पॉक १९६२ मध्ये संचालक झाल्यावर. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे ते चिरंजीव. मायकेल यांना स्वतःला डिस्लेक्सिया होता. वाचन ज्याला जड जातं, त्या मुलाला वस्तूखालची बारीक अक्षरातली चिठ्ठी काय देणार? मला वाटतं, पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे. ‘हात लावू नका’ हा नियम त्यांनी बाजूला ठेवला. ‘आत काय आहे?’ या त्यांच्या प्रदर्शनात रोजच्या वस्तू मधोमध कापून मांडल्या होत्या. मुलांना बेसबॉलच्या पोटात डोकावता येई, आणि रस्त्याखाली काय दडलेलं असतं तेही पाहता येई. मुलं रोज ज्यावरून चालत होती, तेच इथे उघडं करून ठेवलेलं होतं. कुतूहलासाठी दुर्मीळ वस्तूच लागते असं नाही, हे मला या प्रदर्शनाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

गर्दी वाढली, घर अपुरं पडू लागलं. १९७९ मध्ये संग्रहालय बंदराजवळच्या लोकरीच्या जुन्या गोदामात आलं. अजूनही ते तिथेच आहे.

या नव्या जागेत जपानमधल्या क्योटो शहरातून आलेलं एक अख्खं घर आहे. शंभराहून अधिक वर्षं जुनं, एका रेशीम व्यापाऱ्याचं. बॉस्टनला ते क्योटोने भेट दिलं. सुटे भाग समुद्रापार आणून जपानी सुतारांनी ते पुन्हा जोडलं. मुलं दाराशी बूट काढतात आणि ततामीच्या चटईवर पाऊल ठेवतात.