खुब्याचं ऑपरेशन पुढून झालंय की मागून? आधी ते कळवा

(वॉकर, कमोड खुर्ची भाड्याने नेणाऱ्या आणि फिजिओथेरपिस्टला घरी बोलावणाऱ्या ग्राहकांसाठी)

"ऑपरेशन पुढून केलंय, काही पथ्य नाही म्हणाले. मग वॉकर कशाला?" असा फोन सारखा येतो, म्हणून हे लिहून ठेवतो आहोत.

खुब्याचा सांधा बदलताना पुढून म्हणजे जांघेजवळून. स्नायू शक्यतो न कापता, दोन स्नायूंच्या मधून सर्जन सांध्यापर्यंत पोचतात. ही वाट नवी नाही. फ्रान्समध्ये रॉबेर ज्युदे यांनी १९४७ सालीच तिचा वापर केला होता. फायदा खरा आहे, पण तो सुरुवातीचा. पहिले काही आठवडे दुखणं कमी असतं आणि पेशंट लवकर चालायला लागतो. पुढे हा फरक कमी होत जातो. वर्षाने पाहिलं तर पुढून केलेला आणि मागून केलेला पेशंट सारखाच चालताना दिसतो. तेव्हा मागून ऑपरेशन झालं म्हणून मन खट्टू करू नका.

आमचा वेळ जातो तो भलत्याच कारणाने. शेजारच्या काकूंचा खुबा दोन वर्षांपूर्वी बदललेला असतो, त्यांच्या व्यायामाचा कागद जपून ठेवलेला असतो आणि पेशंट तोच करायला लागतो. काकूंचं ऑपरेशन मागून झालेलं. त्यांना पुढे वाकणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं मना होतं आणि ओट्याला धरून पाय मागे नेण्याचा व्यायाम दिलेला होता. पुढून ऑपरेशन झालेल्याला सुरुवातीला सांभाळायची असते नेमकी हीच हालचाल : पाय मागे जाणं आणि त्याच वेळी बाहेर वळणं. सांधा निखळतो क्वचितच, पण निखळलाच तर बहुधा याच दिशेने.

घरात हे नकळत होतं. डाव्या पायाचं ऑपरेशन झालेल्या बाई ओट्यापाशी उभ्या आहेत. उजवीकडे मागच्या फळीवरचा डबा हवा म्हणून कमरेतून वळतात, डावं पाऊल मात्र जागचं हलत नाही. झाला पाय मागे आणि बाहेर! वळायचं ते पावलं उचलत, छोटी छोटी टाकत. पलंगाच्या कडेवरून पाय खाली लोंबकळत ठेवून झोपू नका, तेही तसंच.

म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो आल्याशिवाय आम्ही व्यायाम सुरू करत नाही. काहींना याचा राग येतो. पण नव्या सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात पुढून बसवताना ते हाड उघडं करणं अवघड जातं आणि क्वचित त्याला चीर जाते. अशा वेळी पायावर किती भार टाकायचा ते सर्जन कार्डावर लिहितात. ती ओळ न वाचता पेशंटला उभं करायला आम्ही तयार नाही. फोटो नसेल तर पहिली भेट विचारपूस करण्यातच जाते, आणि तिचेही पैसे तुम्हालाच पडतात.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला तर घाबरू नका. त्वचेची एक नस जखमेजवळूनच जाते, ती ताणली जाते. चालण्याची ताकद त्याने जात नाही आणि बहुतेकांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो. मात्र त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका कळत नाही, फोड येतो. जांघेतल्या घडीत घाम साचतो, पोट सुटलेलं असेल तर जास्तच. जागा कोरडी ठेवा. हळद, पावडर, तेल काही लावू नका.

जखमेतून पाणी येणं, ताप, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, किंवा एकदम कळ येऊन पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसणं : यासाठी आम्हाला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आता साहित्याचं. पुढून ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांना कमोडवरची उंच सीट लागत नाही, तुमच्या सर्जनने सांगितली नसेल तर आम्हीही ती गळ्यात मारणार नाही. घरी भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची लागतेच. वॉकर मात्र सर्जन किंवा थेरपिस्ट सांगेपर्यंत सोडू नका. दुखत नाही म्हणून तो कोपऱ्यात उभा करणारे पुढे लंगडत चालायची सवय लावून घेतात, आणि ती मोडायला जास्त भेटी लागतात. हात सरळ सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यावी एवढी त्याची उंची हवी. आमचा माणूस घरी येऊन ती लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कळवलंत तर पेशंट घरी पोचायच्या आत साहित्य पोचतं. सोबत कार्डाचा फोटो आणि संडास कोणत्या पद्धतीचा आहे, एवढं पाठवा.