यूपीएस लावला म्हणजे सर्व्हर सुरक्षित?

वीज गेली की यूपीएस (बॅटरीवर वीज पुरवणारं उपकरण) सर्व्हर आपोआप नीट बंद करतो, हा समज चुकीचा आहे. यूपीएस फक्त वेळ मिळवून देतो. बॅटरी संपत आल्याचा निरोप यूएसबी केबलने किंवा नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत पोचायला हवा आणि तो ऐकायला 'नट'सारखं (NUT, यूपीएसवर लक्ष ठेवणारं) सॉफ्टवेअर चालू हवं. नाहीतर सर्व्हर धाडकन बंद पडतो, डेटाबेसचं लिखाण अर्धवट राहतं.

खरी गोची पुढेच आहे. शटडाउन सुरू असतानाच वीज परत आली, तर सर्व्हरच्या लेखी पुरवठा तुटलेलाच नसतो. मग बायॉसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'वीज आल्यावर सुरू हो' ठेवूनही तो बंदच राहतो! म्हणून शटडाउनच्या अगदी शेवटी यूपीएसलाच आउटपुट, म्हणजे सर्व्हरला जाणारी वीज, तोडायला लावा. 'नट'मधला पॉवरडाउनफ्लॅग (आउटपुट तोडायचं आहे ही खूण ठेवणारी फाइल) त्यासाठीच आहे. शटडाउनला 3 मिनिटं लागत असतील, तर बॅटरीत निदान 6 मिनिटं उरलेली असतानाच तो सुरू करा.