कॅन्सस सिटीत रोमपेक्षा जास्त कारंजी? आकडे जुळत नाहीत

‘जगात सर्वाधिक कारंजी कॅन्सस सिटीत, रोमचा नंबर त्यानंतर,’ असा दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. अमेरिकेतल्या या कॅन्सस सिटीचं टोपणनावच ‘कारंज्यांचं शहर’ असल्याने तो सहज पटतो.

आधी मोजायचं काय, हे ठरवू. कॅन्सस सिटीत सार्वजनिक आणि खासगी मिळून साधारण 200 कारंजी सांगितली जातात. रोमचा आकडा 2000च्या वर जातो, पण त्यात मोठा वाटा ‘नासोनी’चा आहे. 1874 पासून बसवलेले हे ओतीव लोखंडाचे, पिण्याच्या पाण्याचे खांब. नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उसळते, वाकायला नको. त्यांना कारंजं म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. ते धरले तर मात्र कॅन्सस सिटी जवळपासही येत नाही.

पडताळायचं असेल तर दोन्ही शहरांच्या याद्या समोर ठेवा आणि दोन्हीकडे एकच निकष लावा. गफलत इथेच होते: एकीकडे हॉटेलच्या आवारातलं कारंजंही धरायचं आणि दुसरीकडे फक्त रोममधल्या त्रेवी कारंज्यासारखी प्रसिद्ध. शोधताना मिसुरी राज्यातलं शहर निवडा; त्याच नावाचं लहान शहर शेजारच्या कॅन्सस राज्यातही आहे. हिवाळ्यात जाऊन मोजू नका. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून तिथली बहुतेक कारंजी तेव्हा बंद असतात.